मौजे ओरेंको, जिल्हा वॉशिंग्टन

ज्या मनुष्याचा जन्म बार्शीस झाला, ज्याने मुंजीनंतरचा आपला पहिला प्रवास कुर्डुवाडीपर्यंत खिडकीबाहेर डोके काढून केला, आणि त्या प्रवासात डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण काढण्याच्या कामी घरातील झाडून साऱ्या वडीलधाऱ्यांस जुंपले, त्याच्यापुढे 'लाईट रेल्वे' हे शब्द उच्चारले असता त्याच्या मनश्चक्षूंपुढे कोणती मूर्ती उभी राहते, हे सांगण्यास भाष्यकाराची आवश्यकता नाही. कॅलथ्रॉप नामक एका साहेबाने १८९७ साली अवघ्या अडीच फुटांच्या अंतराने रूळ टाकून जी गाडी आमच्या गावी आणली, जी पुढे पंढरपूर, लातूर करीत करीत १९२७ साली मिरजेस पोहोचली, आणि जिला आमच्या बाजूचे आबालवृद्ध नुसते 'बार्शी लाईट' एवढेच म्हणत, तिच्या नावातील 'लाईट' म्हणजे उजेड नव्हे (तो डब्यात क्वचितच असे), तर हलकेपणा, हे मला इंग्रजी शिकू लागल्यावर कळले. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा साहेबाचा दंडक होता. चालत्या गाडीतून उतरावे, शेतातला हरभरा उपटावा आणि पुन्हा तीच गाडी धरावी, अशी जी आख्यायिका महाराष्ट्रात प्रत्येक छोट्या गाडीविषयी सांगतात, ती आमच्या गाडीपुरती तरी खरी आहे. कारण तो हरभरा मी स्वतः खाल्लेला आहे.

तेव्हा चिरंजीवांनी अमेरिकेहून दूरध्वनीवर, "बाबा, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर लाईट रेलचं स्टेशन आहे, तुमचा वेळ मजेत जाईल," असे आमिष दाखविले, त्या वेळी सुनेच्या हातचे जेवण, नातवाचे बोबडे बोल आणि प्रशांत महासागराचे दर्शन ही तिन्ही प्रलोभने ज्याला सहा वर्षे हलवू शकली नव्हती, तो मी दुसऱ्याच दिवशी पारपत्राची मुदत तपासावयास कपाटापाशी गेलो. सोलापूर जिल्ह्याच्या मोजणीखात्यात हयात घालविलेल्या मनुष्यास निवृत्तीनंतर करण्यासारखे फारसे काही उरत नाही. परंतु ज्या गावात उतरावयाचे, त्याची चतुःसीमा, वहिवाट आणि पूर्वपीठिका यांची रुजुवात केल्यावाचून त्याला अन्न गोड लागत नाही, हे मात्र खरे. ओरेगॉन राज्यातील वॉशिंग्टन जिल्ह्यात, हिल्सबरो या कसब्याच्या हद्दीत, ओरेंको नावाचे जे स्टेशन आहे, त्याचा आणि त्याच्या भोवतालच्या वस्तीचा हा वृत्तांत मी त्याच सवयीने लिहीत आहे. सरकारी नमुन्यात तो बसणार नाही, याची जाणीव मला आहे.

पहिल्याच सकाळी नातवाला ढकलगाडीत बसवून मी स्टेशन पाहावयास निघालो आणि स्टेशन ओलांडून पुढे गेलो. यात माझ्या दृष्टीचा दोष नव्हता. ज्यास घंटा नाही, तिकिटाची खिडकी नाही, फाटक नाही, हमाल नाही, कंदील नाही, चहाची किटली नाही, आणि सर्वांहून आश्चर्य म्हणजे ज्यास स्टेशनमास्तर नाही, त्यास स्टेशन कोणत्या आधारावर म्हणावे? सिमेंटचा एक बुटका फलाट, वर काचेचे छप्पर, दोनचार बाके आणि ठिकठिकाणी रोवलेले खांब, एवढीच काय ती मालमत्ता. त्या खांबांवर एकेक लहानसे यंत्र बसविलेले असून, उतारूने आपले भाड्याचे पत्र त्यास टेकविले म्हणजे ते हिरवे होऊन 'टुंक' असा आवाज करते. तोच आवाज म्हणजे बुकिंग क्लार्क, तोच म्हणजे तिकीट आणि तोच म्हणजे पावती. कोणी टेकविले नाही तर त्यास अडविणारा तेथे कोणीही नसतो. माणसाच्या सचोटीवर एवढी बिनशर्त भिस्त टाकणारे खाते मी आयुष्यात प्रथमच पाहिले, आणि खरे सांगावयाचे तर थोडा बेचैन झालो. फाटकाशी उभा असलेला तिकीट तपासनीस हा प्रवाशाच्या मनाला केवढा आधार असतो, हे तो नाहीसा झाल्यावर समजते.

इतक्यात गाडी आली. पांढरी, लांबट, दोन डब्यांची, डोक्यावरील तारेतून वीज घेणारी आणि इतक्या खालून चालणारी की नातवाची ढकलगाडी न उचलता थेट आत गेली. एकेक रिकामा डबा चाळीस टनांहून अधिक भरतो, हे मला मागाहून चिरंजीवांकडून कळले. आमच्या पाच टनी आसाशी तुलना करता हिने 'लाईट' म्हणवून घेणे म्हणजे तालमीतल्या सर्वांत थोराड पैलवानाने बारक्या या नावाला ओ देण्यासारखे आहे. पण तिचा आणखी एक गुण असा की ती बोलते. स्टेशन जवळ आले म्हणजे एक धीरगंभीर आवाज प्रथम इंग्रजीत आणि नंतर स्पॅनिश भाषेत सांगतो की दारे 'माझ्या' उजव्या बाजूस किंवा 'माझ्या' डाव्या बाजूस उघडतील. 'गाडीच्या' नव्हे, 'आपल्या' नव्हे, 'माझ्या'! अचेतन वस्तूस एवढी अस्मिता कोणी दिली, कोण जाणे. परंतु उजवे-डावे हा सापेक्ष पदार्थ असून तो पाहणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेवर अवलंबून असतो, हे ज्याने शेकडो बांधांच्या तंट्यांत उभे राहून अनुभविले आहे, त्याला या 'माझ्या'तील धोका तत्क्षणी दिसावयास हवा होता. तो मला दिसला नाही. त्याचे फळ मला पुढे मिळाले. ते यथाक्रम सांगेन.

आता गावाच्या नावाचे प्रकरण. ओरेंको हे नाव ऐकून मला प्रथम वाटले की हा कोणी इटालियन सरदार असावा. सार्वजनिक वाचनालयात बसून जुन्या दप्तराचा शोध घेतला, तेव्हा निष्पन्न झाले ते असे की विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'ओरेगॉन नर्सरी कंपनी' नावाच्या एका रोपवाटिकेने येथे जमीन घेऊन फळझाडांच्या कलमांचा मोठा व्यापार मांडला, कामगारांसाठी वसाहत उभारली, आणि कंपनीच्या नावातील तीन शब्दांची डोकी तोडून त्यांचा एक शब्द बनविला, तोच गावास बहाल केला. आमच्याकडे साधारण त्याच सुमारास किर्लोस्करवाडी वसली; परंतु तेथे निदान संस्थापकाचे आडनाव शाबूत राहिले. कंपनीच्या आद्याक्षरांचे गाव करण्याची ही रीत जर महाराष्ट्रात रूढ झाली असती, तर वीज मंडळाच्या एखाद्या वसाहतीचे नाव 'मराविमं खुर्द' असे पडून तेथील ग्रामदैवतास स्वतःचा पत्ता सांगण्याची चोरी झाली असती.

या गावास १९१३ साली नगराचा दर्जा मिळाला. पुढे रोपवाटिका बुडाली, आणि १९३८ साली ते नगर चक्क बरखास्त झाले. हा मजकूर वाचून मी वाचनालयात खुर्चीवरून अर्धवट उठलो. गावे ओस पडलेली मी पाहिली आहेत, उजनीच्या धरणात बुडालेल्या गावांचे कागद माझ्या हातांखालून गेले आहेत. पण नोकरास बडतर्फ करावे तसे गावाला रीतसर कमी करून टाकल्याची नोंद माझ्या वाचनात आलेली नव्हती. आमच्या मुलखात ग्रामपंचायतीची नगरपालिका आणि नगरपालिकेची महानगरपालिका होण्यासाठी मोर्चे निघतात; पायरी उतरावी म्हणून कोणी उपोषणास बसल्याचे ऐकिवात नाही. आगगाडीचेही तेच. १९०८ च्या सुमारास 'ओरेगॉन इलेक्ट्रिक' नावाची विजेची गाडी या बाजूने धावू लागली होती. पुढे मोटारी वाढल्या, पंचवीसएक वर्षांत तिची उतारू वाहतूक बंद पडली आणि त्या रुळांवरून मालगाड्या तेवढ्या रखडत राहिल्या. मग १२ सप्टेंबर १९९८ रोजी, सुमारे ९६ कोटी डॉलर खर्चून, डोंगराच्या पोटातून जवळजवळ तीन मैलांचा बोगदा खणून, पोर्टलंड शहरापासून हिल्सबरोपर्यंत विजेची गाडी मोठ्या समारंभाने सुरू झाली. आणि या बाजूला ती धावू लागली ती त्याच जुन्या वाटेवरून. म्हणजे आजोबांनी विकलेला वाडा नातवाने दसपट किंमत देऊन परत घ्यावा आणि वास्तुशांतीला भाषण करावे, त्यातला हा प्रकार. मला यात हसू आले, परंतु फार नाही, कारण बार्शी लाईटचेही रूळ आम्ही उखडून रुंद केलेले आहेत, आणि तिच्या आठवणीने हळहळणाऱ्यांत मी जसा पुढे असतो, तसाच रुंद गाडीत जागा धरण्यातही पुढे असतो.

या मार्गाच्या शेवटच्या स्टेशनाविषयी मात्र मला आत्मीयता वाटली. ते जिल्ह्याच्या सरकारी कचेरीपाशी आहे आणि त्याला मार्क हॅटफील्ड या सेनेटरांचे नाव दिलेले आहे; या गाडीसाठी दिल्लीदरबारी, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टन राजधानीत, खटपट करून ज्यांनी पैसा आणला, त्यांपैकी ते प्रमुख. लोकप्रतिनिधीने गाडी आपल्या मुलखात वळवून घ्यावी आणि मुलखाने स्टेशनाला त्याचे नाव द्यावे, ही पद्धत सातासमुद्रांपलीकडेही अबाधित असलेली पाहून परदेशात आल्यासारखे वाटेनासे झाले.

परंतु माझ्या चित्ताचा खरा ठाव घेतला तो रस्त्यांच्या आकड्यांनी. पोर्टलंडच्या बाजूने पश्चिमेस येऊ लागले म्हणजे रस्त्यांचे क्रमांक वाढत जातात. त्यांची मोजणी विलामेट नदीपासून धरलेली आहे. १५८ वा रस्ता, १७० वा, १८५ वा, २०५ वा, आणि आमच्या ओरेंकोस २३१ वा. इतकी शिस्त की जुन्या मोजणीदाराचे डोळे पाणावावेत. पुढील दोन स्टेशने आकड्यावाचून जातात, आणि त्यानंतर काही एक पूर्वसूचना न देता एकदम १२ वा रस्ता, मग ८ वा, मग ३ रा! पहिल्या खेपेस मी गाडीतून उतरून खात्री केली. ज्या गृहस्थाने हे आकडे टाकले, तो दुपारच्या जेवणानंतर कामावर परतला नसावा, असा माझा प्रथम ग्रह झाला. रात्री चिरंजीवांपुढे मी हा घोटाळा मांडला, तेव्हा ते "असेल काहीतरी, बाबा," एवढेच बोलून भ्रमणध्वनीत शिरले. तेवीस वर्षे शिक्षण घेतलेल्या आणि संगणकाच्या चिपा बनविण्याच्या सूक्ष्म धंद्यात असलेल्या मनुष्याला आपण राहतो तेथील आकडा कोणत्या बिंदूपासून मोजलेला आहे, हे जाणण्याची जिज्ञासा नसावी, याचा मला विषाद वाटला. उलगडा मीच केला. हिल्सबरो हे पोर्टलंडचे उपनगर होण्यापूर्वीपासून स्वतंत्र कसबा असून त्याने आपली मोजणी स्वतःच्या बाजारपेठेपासून सुरू केलेली आहे. पोर्टलंडची मोजणी वाढत वाढत तेथवर आली, आणि दोन मोजण्यांची जेथे गाठ पडली तेथे कोणीच हट्ट सोडला नाही. इंग्रजी अंमलातील मुलूख आणि संस्थानी मुलूख यांच्या शिवेवर माझ्या नोकरीच्या प्रारंभी असेच नकाशे येत. बांध एकच, परंतु दोन्हीकडचे गट क्रमांक एकमेकांस ओळख देत नसत. मानी गाव आहे, असा शेरा मी मनातल्या मनात मारला.

ज्या वस्तीत चिरंजीव राहतात, तिचेही नाव 'ओरेंको स्टेशन' असेच आहे, मात्र ती मूळ वसली ती स्टेशनापासून पाव मैल दूर. १९९७ च्या सुमारास, म्हणजे गाडी येण्याच्या आधीच, नगररचनाकारांनी आणि बांधकाम कंपन्यांनी मिळून हिचा आराखडा केला. माणसांनी मोटारीवाचून चालत हिंडावे, दुकान, बाग, घर आणि गाडी ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असावीत, शेजाऱ्याचे तोंड शेजाऱ्यास दिसावे, असा त्यामागील उदात्त हेतू. तथापि दुकाने चालावयाची तर मोटारवाले गिऱ्हाईक हवे, या व्यवहारी विचाराने पेठ वसविली ती कॉर्नेल नावाच्या हमरस्त्यावर, आणि स्टेशन राहिले मागे शेताच्या कडेला. मधली जागा बरीच वर्षे मोकळीच होती. नाशिक रोडला उतरून नाशिक कोठे आहे हे टांगेवाल्यास विचारावे लागणाऱ्या महाराष्ट्रीयास यात नवल नाही. आता त्या मधल्या जागेत चारपाच मजली इमारती उभ्या राहून स्टेशनालगत एक फरसबंद चौक झाला आहे, आणि गाव व गाडी यांचा जवळजवळ सांधा जुळला आहे.

घरे मात्र खरोखर पाहण्यासारखी. मोटारींच्या खोल्या घरांच्या पाठीशी बोळात नेऊन टाकलेल्या, आणि पुढे रस्त्याच्या बाजूस प्रत्येक घराला एक ओसरी! ओसरीवर दोन खुर्च्या, एक झोपाळा, एक कुंडी. रचनाकारांची कल्पना अशी की संध्याकाळी घरधनी ओसरीवर येऊन बसेल, येणारा-जाणारा दोन शब्द बोलेल, आणि आधुनिक जीवनातील एकाकीपणा हळूहळू नष्ट होईल. मी ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत रोज दोन वेळा त्या रस्त्यांवरून फिरलो. खुर्च्या होत्या, झोपाळे होते, कुंड्यांना पाणी कोणीतरी घालत होते. घरधनी मला ओसरीवर एकूण चार वेळा दिसला, त्यांतील दोन वेळा तो बाहेरून आलेला पुडा उचलावयास आला होता. त्याचा दोष नाही. उत्तरेस इंटेल कंपनीचा रॉनलर एकर्स नावाचा केवढा तरी विस्तीर्ण कारखाना आहे (ते नावही फसलेल्या एका प्लॉटविक्रीचे आहे, हे सांगितल्यावाचून मोजणीखात्याच्या मनुष्यास राहवत नाही), तशीच इतर कार्यालये. तेथून दमूनभागून आलेला मनुष्य मागल्या बोळातून मोटारीसह घरात शिरतो आणि पुढील ओसरीशी त्याचा संबंध मुळी येतच नाही. वाडा बांधावा, सोपा सजवावा, आणि साऱ्या घराने परसदारानेच ये-जा करावी, असे झाले.

मग तो उदात्त हेतू वायाच गेला काय? मुळीच नाही. तो सफल झाला; फक्त ज्यांच्यासाठी योजिला होता त्यांच्या हातून नव्हे. सकाळी नऊच्या सुमारास, नोकरदार मंडळी मार्गी लागली म्हणजे, त्या आखीव रस्त्यांवर हळूहळू एक निराळीच प्रजा प्रकट होते. पायांत पांढरे बूट, अंगावर नऊवारी, सहावारी, पंजाबी किंवा धोतर, त्यावर चिरंजीवांचा जुना जाड कोट, आणि उन्हाळ्याचे दोन महिने वगळता डोक्यावर माकडटोपी. हाताशी ढकलगाडी आणि तीत नातू अथवा नात. सहा महिन्यांच्या मुदतीवर आलेली ही मातापितरे. त्यांना मोटार चालविता येत नाही, त्यामुळे ती चालतात. त्यांना घरात करमत नाही, त्यामुळे ती बाकांवर बसतात. समोरून मनुष्य आला असता तो कोण, कोठला, मुलगा कोणत्या कंपनीत आणि सून काय करते हे विचारल्यावाचून पुढे जाणे त्यांना अशिष्ट वाटते, त्यामुळे ती बोलतात. रचनाकारांनी कागदावर जो आदर्श नागरिक रेखाटला होता, तो हिल्सबरोस न जन्मता गुंटूर, कोइमतूर आणि बार्शी येथे जन्मला, एवढाच काय तो फरक.

स्टेशनालगतच्या चौकातील एका बाकाचे आम्ही आठ दिवसांत कट्ट्यात रूपांतर केले. गुंटूरचे एक निवृत्त बँक अधिकारी आमचे अध्यक्ष. त्यांची हिंदी आणि माझी हिंदी या दोन वेगवेगळ्या भाषा असल्या, तरी व्याजाचा दर, मधुमेह आणि विमानातील जेवण या विषयांना शब्दसंपत्ती फारशी लागत नाही. पावसाविषयी आमचे एकमत होते. तेथील पाऊस हा पाऊसच नव्हे, ती एक प्रकारची सार्वजनिक ओल आहे. ऑक्टोबरात सुरू होते आणि थांबण्याचे नाव घेत नाही. स्थानिक मनुष्य छत्री वापरीत नाही, डोक्यावर कोटाचे टोपण ओढून संथपणे भिजत जातो. छत्री दिसली की परका ओळखावा. आम्ही सहाजण काळ्या छत्र्या उघडून बाकावर बसलो म्हणजे गाडीतील उतारू काचेतून आमच्याकडे असे पाहत की जणू एखाद्या दुर्मीळ जातीचे पक्षी थव्याने उतरले आहेत.

पण आमच्या साऱ्या संभाषणांची मान खाली जावी असा प्रकार शेजारच्या बाकावर चालत असे. आमच्या सौभाग्यवतींस मराठीवाचून भाषा येत नाही. कोइमतूरच्या एका आजीबाईंस तमिळवाचून येत नाही. या दोघी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकमेकींस भेटल्या आणि तेव्हापासून रोज दोन तास अखंड बोलत होत्या. एक बोले, दुसरी मान डोलवी; मग दुसरी बोले, पहिली "अगं बाई!" म्हणे. "त्यांच्या बोलण्यातलं तुला कळतं तरी काय?" असे मी एकदा विचारले. "सून तीच, साबण तोच," एवढेच उत्तर मिळाले. मी पुन्हा त्या वाटेस गेलो नाही.

आता तो प्रसंग. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या उतारूस या गाडीत निम्मे भाडे पडते, म्हणजे दोन डॉलर ऐंशी सेंटांऐवजी एक डॉलर चाळीस. आणि अशा उतारूची अधिकृत संज्ञा 'सन्मान्य नागरिक' अशी आहे. चौतीस वर्षांच्या सेवेत माझ्या नावामागे 'सन्माननीय' हे विशेषण एकदाच लागले, ते निरोपसमारंभाच्या पत्रिकेत, आणि तेही छापखान्याने ओळ चुकविल्यामुळे. नागरिक तर मी त्या देशाचा मुळीच नव्हतो. तरीही वयाचा पुरावा म्हणून पारपत्र दाखविताच दोन्ही पदव्या मला एकदम मिळाल्या. एकदा 'टुंक' केले की ते भाडे अडीच तास चालते, मग कितीही वेळा चढा-उतरा. या सवलतीने आमच्या घरात एका नवीन शास्त्राचा उदय झाला. वीसपंचवीस मिनिटांवरील बीव्हर्टनला जाऊन, तेथील भारतीय वाण्याकडून भाजी घेऊन, पहिल्याच भाड्यात घरी परतावयाचे. अडीच तासांच्या आत पाऊल ओरेंकोस लागलेच पाहिजे. मेथीच्या जुडीमागे दोन आणे वाचत होते की नाही हा प्रश्न गौण. परतीचे भाडे वाचत होते, हा सिद्धांताचा भाग होता. चिरंजीव म्हणत, "बाबा, मी शनिवारी गाडीनं आणून देईन." त्यांना सिद्धांत कळत नसे.

डिसेंबरातील त्या दिवशी मेथी निवडून घेण्यात वेळ गेला, एक गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, आणि दुसऱ्या गाडीत बसलो तेव्हा मुदतीतला पाऊणएक तास काय तो शिल्लक होता. माझी पाठ इंजिनाकडे, पिशवी मांडीवर, डोळे घड्याळावर. ओरेंको आले. गाडीने आपली बाजू जाहीर केली. मी ती माझी समजलो, झटक्यासरशी उठून त्या बाजूच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि बटण दाबू लागलो. सौभाग्यवतींनी जाहीरनाम्याकडे लक्षच दिले नव्हते. जिकडे फलाट दिसला तिकडे त्या उतरल्या. मी वळेपर्यंत माझ्या पाठीमागे दारे मिटली, आणि काचेतून मला त्यांची पाठमोरी मूर्ती चौकाच्या दिशेने जाताना दिसली. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

हॉथॉर्न फार्म हे पुढील स्टेशन. भोवती कचेऱ्यांच्या इमारती आणि ओली हिरवळ, चिटपाखरू नाही. उलट गाडी पंधरा मिनिटांनी. त्या फलाटावर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो असता माझ्या मनात काय काय येऊन गेले, याचे वर्णन करीत नाही. परमुलखात, भाषा अवगत नसलेली, भ्रमणध्वनी घरी विसरलेली, चाळीस वर्षांची सहधर्मचारिणी फलाटावर एकटी उभी राहून सैरभैर इकडेतिकडे पाहत आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. गाडी आली. मी चढलो, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली, आणि वर पाहतो तो गणवेशातील एक दणकट बाई हातात यंत्र घेऊन समोर उभी. इतक्या महिन्यांत ज्याचे दर्शन झाले नाही, तो तपासनीस नेमका त्या घटकेस अवतरला होता! मी थरथरत्या हाताने पत्र पुढे केले. तिने ते यंत्रास लावले, यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाली की अजून चार मिनिटे शिल्लक आहेत. सेवाकाळात माझ्या एकाही मोजणीची तपासणी इतकी अचूक उतरल्याचे मला स्मरत नाही. मी तिला नमस्कार केला. तिनेही, काही न कळून, मान लवविली. या वेळी बाजू ओळखण्यात चूक केली नाही. फलाट पाहूनच दाराशी गेलो, आणि दार उघडताच विजयी मुद्रेने खाली उतरलो.

चौकातील बाकावर दोघी बसलेल्या होत्या. कोइमतूरच्या आजीबाई हातवारे करून काही सांगत होत्या आणि सौभाग्यवती "अगं बाई!" म्हणत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. अश्रूंची नव्हे, निदान एखाद्या प्रश्नाची अपेक्षा करून काही क्षण थांबलो. सौभाग्यवतींनी मान वर केली, मला नखशिखांत न्याहाळले आणि म्हणाल्या,

"अहो, पिशवी कुठंय?"

मी मागे वळून पाहिले. दारे मिटून, आपली उजवी आणि आपली डावी अशा दोन्ही बाजू सांभाळीत, मेथीच्या चार जुड्यांसह गाडी २०५ व्या रस्त्याकडे निघाली होती.